शंभराच्या आत याल का?

विश्रांतवाडीत राहणाऱ्याला गोल्फ अगदीच परका नाही, निदान पत्त्यापुरता तरी. येरवड्याकडे निघालं की विमानतळ रस्त्याला लागून झाडांच्या आड पूना क्लबचं अठरा होलचं मैदान आहे. रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब चौक’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. त्या चौकातल्या वाहतुकीत रोज अडकणाऱ्या बहुतेकांनी आतलं गवत पाहिलेलं नसतं, हा भाग वेगळा. आत जे खेळतात त्यांतलेही बहुसंख्य नोकरी-व्यवसाय सांभाळून सुट्टीच्या सकाळी क्लब हाती धरणारे असतात. याच मैदानावर भारतीय व्यावसायिक गोल्फपटूंच्या स्पर्धाही झाल्या आहेत. म्हणजे रविवारचा हौशी खेळाडू आणि गोल्फवर पोट असलेला खेळाडू, दोघांनी तुडवलेली जमीन एकच.

मग प्रश्न साहजिक येतो. टीव्हीवर खेळाडू सहा फुटांवरून चेंडू चुकवतो तेव्हा सोफ्यावरून ‘हा तर मीपण घातला असता’ असा आवाज उठतो. क्रिकेट बघताना आपण सगळे तेच करतो. पण ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू आपल्याला झेपणार नाही, हे मनातून ठाऊक असतं. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, समोर कुणी गोलंदाज नसतो, घाई नसते. त्यामुळे हा भ्रम जास्त टिकतो. बऱ्यापैकी खेळणाऱ्या हौशी माणसाला अजिंक्यपद स्पर्धेसाठी सजवलेल्या मैदानावर उतरवलं, तर काय होईल?

याचं उत्तर एकदा प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं आहे. २००७ साली अमेरिकेतल्या ओकमाँट मैदानावर यूएस ओपन होती. ते मैदान इतकं अवघड ठेवलं होतं की जिंकणारा आन्हेल काब्रेराही चार दिवसांत पारपेक्षा पाच फटके जास्तच घेऊन विजेता ठरला. त्या सुमारास टायगर वूड्स म्हणाला की, दहा हँडिकॅपचा खेळाडू इथे शंभराच्या आत येणार नाही. दहा हँडिकॅप म्हणजे क्लबात मान मिळवून असलेला माणूस; नेहमीच्या मैदानावर चांगल्या दिवशी ब्याऐंशी-त्र्याऐंशीत फेरी संपवणारा. त्याला हे बोलणं झोंबणारच. ‘गोल्फ डायजेस्ट’ मासिकाने ते मनावर घेतलं आणि पुढच्या वर्षी, २००८च्या यूएस ओपनच्या तोंडावर, कॅलिफोर्नियातल्या टॉरी पाइन्स मैदानावर चार हौशी खेळाडूंना उतरवलं.

(टॉरी पाइन्स हे सॅन डिएगो शहराच्या मालकीचं, कुणालाही पैसे भरून खेळता येणारं सार्वजनिक मैदान आहे. पुणेकरांनी हे वाक्य सावकाश वाचावं.)

चौघांत अमेरिकी फुटबॉलमधला टोनी रोमो होता, हँडिकॅप दोनच्या आसपास. गायक जस्टिन टिंबरलेक आणि टीव्ही निवेदक मॅट लाउअर, दोघांचा सहाच्या आसपास. चौथा होता वाचकांतून निवडलेला एक सामान्य माणूस, हँडिकॅप आठच्या आसपास. कागदावर चौघेही दहापेक्षा सरस. निकाल असा लागला: रोमो ८४, टिंबरलेक ९८, लाउअर बरोबर १००, आणि चौथा ११४. म्हणजे दोन आकडी हँडिकॅप नसलेल्या चौघांपैकी दोघेच शंभराच्या आत आले, त्यातलाही एक जेमतेम.

आठ हँडिकॅपच्या माणसाने ११४ फटके का घ्यावेत? त्यासाठी हँडिकॅप म्हणजे काय ते आधी पाहू. हा शब्द ऐकून वाटतं की ही खेळाडूची सरासरी असावी. तसं नाही. २०२०पासून जगभर एकच पद्धत आहे आणि भारतातही तीच चालते. त्यात शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठच मोजतात. म्हणजे हँडिकॅप सांगतो तो तुमचा चांगला दिवस. रोजचा दिवस त्यापेक्षा दोन-चार फटक्यांनी वाईट असतो आणि खरोखर वाईट दिवसाची तर मोजदादच होत नाही. दहावीच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’सारखंच हे, गुणपत्रिका खोटी नसते, पण सगळी कहाणीही सांगत नाही.

दुसरी गोष्ट मैदानाची. प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. एक, अव्वल दर्जाचा हौशी खेळाडू तिथे किती फटके घेईल याचा अंदाज, ‘कोर्स रेटिंग’. दुसरा ‘स्लोप’: मैदान अवघड होत जातं तसं सामान्य खेळाडूचे हाल अव्वल खेळाडूच्या तुलनेत किती जास्त वेगाने वाढतात, याचं माप. मधलं प्रमाण ११३ धरतात, कमाल १५५. या दुसऱ्या आकड्यात सगळी मेख आहे. अवघड मैदान सगळ्यांना सारखंच छळत नाही. जो आधीच कमकुवत, त्याला ते जास्त छळतं.

समजा, विश्रांतवाडीतला पंचेचाळिशीचा एक गृहस्थ आहे, हँडिकॅप १८. रविवारी मित्रांत नव्वद-पंच्याण्णवमध्ये खेळणारा. त्याला आपण ७२ पारच्या, ७६ रेटिंग आणि १४४ स्लोपच्या मैदानावर नेलं; मोठ्या स्पर्धांच्या मैदानांना मागच्या टीवरून असे आकडे शोभतात. त्याच्या १८चे १४४ला ११३ने भागलेल्या प्रमाणात सुमारे २३ होतात, त्यात रेटिंग आणि पार यांतला ४चा फरक मिळवला की २७. बहात्तरात सत्तावीस मिळवले की नव्याण्णव. म्हणजे शंभराच्या आत, एका फटक्याने. पण हा झाला चांगला दिवस, आणि तोही नेहमीच्या देखभालीतल्या मैदानावर. स्पर्धेसाठी रफमधलं गवत वाढवलेलं असतं, ग्रीन काचेसारखी केलेली असते, झेंडा कोपऱ्यात रोवलेला असतो. हे रेटिंगच्या आकड्यात धरलेलं नसतं. तेव्हा १०५ ते ११५ ही माझी बोली. १२० झाले तरी हसू नये.

हे जास्तीचे फटके नेमके कुठे जातात? क्लबात विचाराल तर दहांपैकी आठजण म्हणतील, पटिंगमध्ये. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकी दौऱ्यावरच्या लक्षावधी फटक्यांच्या नोंदी आणि हौशी खेळाडूंच्या नोंदी शेजारी ठेवून याचा हिशेब केला. निष्कर्ष उलटा निघाला. चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्यातल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांत असतो. जवळचे फटके आणि पटिंग मिळून उरलेला एक तृतीयांश.

एक यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी. ४६० यार्डांचा, चार फटक्यांत संपवायचा होल घ्या. व्यावसायिकाचा पहिला फटका तीनशे यार्डांच्या आसपास जातो. उरतात १६०, जे तो मधल्या किंवा आखूड लोखंडी क्लबने, उंच उडवून ग्रीनवर उतरवतो. आपल्या गृहस्थाचा पहिला फटका, नीट बसला तर, २१०. उरतात अडीचशे. तेवढं अंतर तोडणारा क्लब त्याच्या पिशवीतच नाही. म्हणजे होल सुरू होतानाच एक फटका उधार. शिवाय मागच्या टीपासून फेअरवे सुरू होईपर्यंतच कधी कधी दोनशे यार्ड दाट गवत किंवा पाणी असतं. व्यावसायिकाला ते दिसतसुद्धा नाही, याला मात्र त्यापलीकडे काही दिसत नाही.

हे अंतर येतं कुठून? दंडातून येत असेल असं वाटतं, पण तसं नाही. सामान्य हौशी पुरुषाच्या क्लबचं डोकं चेंडूवर येतं तेव्हा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास असतो. अमेरिकी दौऱ्यावरच्या खेळाडूचा १८५. आकड्यांत फरक चौथ्या हिश्श्याएवढा, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती दीडपट होते. चेंडू आणि क्लब यांची गाठ पडते ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा वेळ. तेवढ्यात सगळा व्यवहार आटपतो. हा वेग पायांपासून वर चढत येतो: आधी पाय जमीन दाबतात, मग कंबर वळते, मागोमाग छाती, मग हात, शेवटी क्लब. प्रत्येक भाग आधीच्या भागाला योग्य क्षणी मागे टाकतो, चाबकासारखा. हौशी माणूस खांदे आणि हात आधी फिरवतो, कंबर मागून येते, आणि चाबकाची काठी होते.

दिशेचं गणित त्याहून निर्दय आहे. चेंडू एका अंशाने भरकटला तर दोनशे यार्डांवर साडेतीन यार्ड बाजूला जातो. चार अंशांनी भरकटला तर चौदा. नेहमीच्या मैदानावर चौदा यार्ड म्हणजे फेअरवेची कड, फार तर शेजारच्या झाडाची सावली. स्पर्धेच्या मैदानावर फेअरवे अरुंद करून आणलेला असतो. चौदा यार्ड म्हणजे घोट्यापर्यंतच्या गवतात चेंडू शोधणं. त्या गवतातून बाहेर काढायलाच एक फटका जातो.

(पुण्यात आपल्याला थोडी सवलत आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा किंचित विरळ. चेंडू मुंबईपेक्षा साधारण दोन टक्के लांब जातो. दोनशे यार्डांवर चार यार्ड. आमच्या गृहस्थाने मुंबईच्या मित्रापुढे बढाई मारण्यापूर्वी हे वजा करावं.)

ग्रीनबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण टीव्हीवर सर्वांत सोपं तेच दिसतं. ग्रीन किती वेगवान आहे ते मोजायला स्टिंपमीटर नावाचं साधं उपकरण आहे: खाच असलेली एक पट्टी, तिच्यावरून चेंडू ठरावीक उंचीवरून सोडायचा आणि सपाटीवर किती फूट जातो ते मोजायचं. एडवर्ड स्टिंपसन यांनी ते १९३५ साली बनवलं, त्याच ओकमाँटवरची यूएस ओपन पाहून. रोजच्या क्लबात हा आकडा आठ-नऊ फुटांचा असतो, मोठ्या स्पर्धेत बारा-तेरा किंवा त्याहून जास्त.

आठ आणि तेरा यांत फरक पाचच फुटांचा वाटतो. उतार आला की खरा खेळ कळतो. सपाटीवर दहा फूट जाईल असा हलका टोला घ्या आणि शंभर फुटांना तीन फूट उतरणाऱ्या ढाळावर खाली मारा. आठच्या ग्रीनवर चेंडू त्याहून बराच पुढे जाऊन थांबेल. तेराच्या ग्रीनवर त्याच्याही पुष्कळ पुढे. आणि उतार आणखी वाढला की घर्षण आणि उतार यांची बरोबरी होते. चेंडू थांबायलाच तयार नसतो, ग्रीन संपेपर्यंत गडगडत जातो. हौशी खेळाडूच्या हाताने वर्षानुवर्षं आठच्या ग्रीनची सवय लावून घेतलेली असते. त्या हाताला तेराची ग्रीन म्हणजे फरशीवर सांडलेलं तेल. चार फुटांचा पट चुकतो, सात फूट पुढे जातो, परतीचा पुन्हा चुकतो.

त्या सहा फुटांच्या पटाचा हिशेबही इथेच चुकता करू. ब्रॉडींच्या आकड्यांनुसार व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. निम्मेच! दहा फुटांवरून त्याहून कमी. नव्वदीत खेळणाऱ्या हौशी खेळाडूची पन्नास टक्क्यांची रेषा पाच फुटांवर असते. टीव्हीमुळे आपली फसगत होते, कारण तिथे दिसतात ते त्या दिवशी सर्वांत चांगलं खेळणारे दहा-बाराजण, आणि त्यांचेही निवडक फटके. १६० यार्डांवरून दौऱ्यावरच्या खेळाडूचा सरासरी चेंडू होलपासून तीस फुटांच्या आसपास थांबतो, झेंड्याशेजारी नाही.

आता मनाकडे. शिकागो विद्यापीठात काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फच्या पटवर बरेच प्रयोग केले. नवख्याला हालचालीच्या एकेका पायरीकडे लक्ष द्यायला लावलं तर तो सुधारतो. मुरलेल्याला तेच करायला लावलं तर तो बिघडतो. घाई करायला सांगितली तर उलट: नवखा बिघडतो, मुरलेला सुधारतो. कारण मुरलेल्या माणसाची हालचाल जाणिवेच्या खाली उतरलेली असते आणि तिच्याकडे वाकून पाहिलं की ती अडखळते. आमचा गृहस्थ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकलेला. दोरीपलीकडे प्रेक्षक उभे आहेत, पहिल्याच टीवर नाव पुकारलं गेलं आहे, आणि तो मनात म्हणतोय: डावा हात सरळ, डोकं खाली, मनगट आत्ता नको... एवढ्यात क्लब खाली आलेला असतो.

यातही पायऱ्या आहेत, हे विसरू नये. आपल्या पुण्याचा उदयन माने भारतीय दौऱ्यावर अनेक स्पर्धा जिंकलेला खेळाडू. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो भारतातर्फे खेळला. साठ जणांत त्याचा क्रमांक पन्नाशीच्या पुढे लागला. आमचा गृहस्थ जिथे पोहोचण्याचं स्वप्नही पाहणार नाही, तिथून वर अजून एवढं आकाश आहे.

आरोग्याच्या सदरात हे सगळं कशाला, तर स्कोअर वाईट आला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या तीनशे यार्डांची बरोबरी करायला गेल्यावर. १९९०मधल्या एका अमेरिकी अभ्यासात जोरदार स्विंगच्या वेळी कमरेच्या मणक्यांवर येणारा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट भरला. व्यावसायिकांवरही तो येतो, पण हौशी खेळाडूंच्या मणक्यांवर बाजूला वाकवणारा आणि घसरवणारा जोर जास्त आढळला. म्हणजे वेग कमी आणि पाठीला त्रास जास्त, असा तोट्याचा सौदा. हौशी खेळाडूंच्या दुखापतींत कंबर बहुधा पहिल्या क्रमांकावर असते, मग कोपर. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला गोल्फचंच नाव पडलं आहे. क्लब चेंडूऐवजी आधी जमिनीत घुसतो, त्या धक्क्यांनी ते बळावतं. दाट रफमध्ये क्लब गवतात अडकतो तेव्हा मनगट सापडतं. क्लबच्या मुठीचं टोक तळहातावर आपटून तिथल्या आकड्यासारख्या छोट्या हाडाला तडा जाऊ शकतो. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: नव्याने, हुरूप धरून रोज शेकडो चेंडू मारणाऱ्याच्या बरगडीला बारीक तडा जाऊ शकतो. दुखतं पाठीच्या वरच्या भागात, माणूस स्नायू दुखावला म्हणून मलम चोळत बसतो आणि सराव चालूच ठेवतो. दोन-तीन आठवडे तेच दुखणं असेल, खोल श्वास घेताना किंवा खोकताना टोचत असेल, तर डॉक्टरांना गोल्फ खेळतो हे आवर्जून सांगावं. एरवी त्यांच्याही मनात ते येणार नाही.

टायगर वूड्सने २००८ची ती यूएस ओपन पायाच्या हाडाला तडे आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असताना, ९१ होल खेळून जिंकली. गोष्ट थोर आहे. पण लगेच त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलेलं वर्ष तो खेळला नाही, हा भाग ती रंगवून सांगणारे गाळतात.

पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हाचा हिशेब वेगळा. अठरा होल चालत खेळायला चार तास आणि आठ-दहा किलोमीटर लागतात. आळंदीहून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येणाऱ्या वारकऱ्यांना हे अंतर किरकोळ वाटेल, पण वर्षभर खुर्चीत बसणाऱ्याला ते पुरेसं आहे. चांगल्या खेळाडूंवरच्या प्रयोगात शरीरातलं पाणी थोडंसं कमी झालं तरी फटक्याचं अंतर आणि अचूकता दोन्ही घसरल्याचं दिसलं आहे. नवव्या होलनंतर सगळं बिनसलं की लोक स्विंगला दोष देतात. बाटली तपासावी आधी. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पहाटेचीच वेळ धरावी आणि खिशात खायला काही ठेवावं.

चालणं मात्र सोडू नये. स्वीडनमधल्या तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदींवरून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच वयाच्या, त्याच आर्थिक स्तरातल्या इतरांपेक्षा गोल्फ खेळणाऱ्यांचा मृत्युदर ४० टक्के कमी आढळला. आयुर्मानाच्या भाषेत सुमारे पाच वर्षं. यात अडचण अशी की धडधाकट माणूसच गोल्फ खेळायला जातो, म्हणून सगळं श्रेय खेळाला देता येत नाही. बग्गीत बसून अठरा होल फिरणाऱ्याने तर हा आकडा स्वतःला लावूच नये.

राहिला प्रश्न आमच्या गृहस्थाचा. अमेरिकेत २०११ साली हौशी खेळाडूंना पुढच्या टीवर आणायची एक मोहीम निघाली. तिचा तक्ता सोपा आहे: तुमचा पहिला फटका सरासरी दोनशे यार्ड जात असेल तर तुम्हाला ५,२०० ते ५,४०० यार्डांचं मैदान योग्य, तीनशे जात असेल तरच सात हजारांच्या वर. टॉरी पाइन्स २००८ साली ७,६४३ यार्डांचं होतं. दोनशेवाल्याला पुढे आणलं की तोही दुसऱ्या फटक्याला हातात लोखंडी क्लब घेतो, ग्रीन त्याच्याही टप्प्यात येते. अडचण एवढीच की पुढच्या टीला आपल्याकडे अजून ‘बायकांची टी’ किंवा ‘म्हाताऱ्यांची टी’ म्हणतात आणि पंचेचाळिशीतल्या माणसाचे पाय तिकडे वळत नाहीत. तो मागेच उभा राहतो, दोन सराव-स्विंग जोरात मारतो, कमरेवर हात ठेवून एकदा पाठ ताणतो, आणि चेंडू टीवर ठेवायला वाकतो.